जास्तीचे शिपाई

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, सकाळ

प्रिय भावा,

२०१९ पासून टाळत आलेलं काम काल अखेर केलं. दिवसभर पावसाची झड लागली होती, बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. ॲक्सिस अँड अलाइज, आपला तो दुसऱ्या महायुद्धाचा बोर्डावरचा खेळ, त्याच्या सोंगट्यांची ती पिशवी काढली आणि परातीत ओतली. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले तेव्हा माझी पेटी खालच्या कपाटात होती. बोर्डाचा लगदा झाला, नियमांचं पुस्तक गेलं. प्लास्टिकला मात्र काही झालं नव्हतं, नुसता गाळ बसला होता. जुना टूथब्रश घेऊन एकेक शिपाई घासला. बंदुका वाकलेल्या होत्या, त्या गरम पाण्यात धरून सरळ केल्या आणि लगेच गार पाण्यात बुडवल्या. बहुतेक सगळ्या ताठ झाल्या.

तुझी पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. नाशिकला जाताना ठेवून गेलास, तशीच आहे. म्हणजे आता आपल्याकडे बोर्ड एक आणि सैन्यं दोन. एक संच विकावा म्हणतो. कुठला, ते तुला विचारल्याशिवाय ठरवणार नाही, आणि पत्राचं कारण तेच.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या सोंगट्या देशवार लावल्या आणि जरा वेळ बघतच बसलो. शिपायांचे कोपरे गुळगुळीत झालेत. ट्रान्सपोर्ट जहाजं हाताळून हाताळून चकाकतात. क्रूझर, म्हणजे मोठ्या युद्धनौका, मात्र पाचही देशांच्या कोऱ्या, साच्यातून काढल्यासारख्या. इतकी वर्षं खेळलो, पण क्रूझर विकत घ्यायला आपला हात कधी गेलाच नाही.

का गेला नाही, ते तेव्हा आपण कधी मांडून बघितलं नव्हतं. काल मांडलं. आपल्या खेळाच्या ‘१९४२’ प्रकाराच्या दुसऱ्या आवृत्तीत क्रूझरला १२ आयपीसी (खेळातले पैसे) पडतात, त्याहून लहान युद्धनौकेला, डिस्ट्रॉयरला, ८. २४ आयपीसीत दोन क्रूझर येतात किंवा तीन डिस्ट्रॉयर. क्रूझर ३ वर मारते, म्हणजे फाशावर ३ किंवा कमी पडले की फटका बसतो, डिस्ट्रॉयर २ वर, म्हणजे दोन्हीकडे मारा एकूण ६च. पण दोन क्रूझर दोन फटक्यांत बुडतात, डिस्ट्रॉयरना तीन लागतात. शिवाय पाणबुडीला डिस्ट्रॉयरच अडवतो. क्रूझरकडे उरतो तो फक्त किनाऱ्यावरचा तोफमारा, आणि तो काही दर डावात कामी येत नाही. आपल्या हातांना हे हिशेबाआधीच कळलं होतं बघ.

शिपाई आणि रणगाड्याचंही तसंच. ३० आयपीसीत दहा शिपाई किंवा पाच रणगाडे. रणगाडे चालून आले तर पहिल्या फेरीत सरासरी अडीच शिपाई पडतात, आणि उलट तीनाहून जास्त रणगाडे जातात. तरी रणगाड्याचे कोपरे झिजलेत, कारण तो एका चालीत दोन घरं जातो. बर्लिनहून निघालेला शिपाई पोचेपर्यंत मॉस्कोचा निकाल लागलेला असतो. रणगाड्याच्या किमतीत त्या वेळेचेही पैसे धरलेत. क्रूझरच्या किमतीत असं काही सापडत नाही, म्हणून ती चुकलेली वाटते.

आता तुझं फोनवरचं म्हणणं. ‘हा खेळ मुळातच ॲक्सिसकडं, जर्मनी-जपानच्या बाजूला, झुकलेला आहे, दोन्ही संच विकून टाक.’ भावा, मला हे पटत नाही, आणि मन लावून उत्तर द्यावं असं वाटतं. आपल्या वहीत शेवटच्या दहा डावांत ॲक्सिसनं सात जिंकलेत, हे खरं. पण नाणं दहा वेळा उडव. कुठल्या तरी एका बाजूला सात किंवा त्याहून जास्त पडायची शक्यता ३४ टक्के आहे. तीनात एकदा हे आपोआप होतं. आणि त्या सातपैकी पाच डावांत जपान तुझ्याकडे होता. मग जिंकला तो जपान की तू? बाजू बदलून आपण किती खेळलो? दोनदा. एवढ्यावर खेळाला दोष देणं म्हणजे एकाच तालमीचे पैलवान बघून खासबागेतल्या कुस्तीवर मत देण्यासारखं आहे.

तरीही ॲक्सिस जड आहे, हे मी मान्य करतो. जिंकायला त्यांना तेरापैकी नऊ शहरं पुरतात, अलाइजना, म्हणजे रशिया-ब्रिटन-अमेरिकेला, दहा लागतात, आणि अमेरिकेचं सैन्य समुद्र ओलांडून यायला फेऱ्या खातं. त्यावर इलाज आहे, बोली. कमीत कमी किती जादा आयपीसी मिळाले तर मी अलाइज घेईन, ते आळीपाळीनं सांगायचं. तू १२ म्हण, मी १० म्हणतो, तू ९. मार्केट यार्डात गुळाचा सौदा वर चढतो, हा खाली उतरतो. जो थांबतो त्याला ॲक्सिस. अलाइजवाला तेवढ्या पैशांचं सैन्य पहिल्या चालीआधी बोर्डावर ठेवतो. मग कुणालाच तक्रार उरत नाही, कारण भाव दोघांनीच ठरवलेला असतो.

आणि दोन्ही बाजू सारख्या हव्यात, हा तुझा आग्रहही मला चुकीचा वाटतो. जत्रेत वस्ताद जोड लावतात तेव्हा वजन, उंची, वय बघतात, ते कुस्तीला ठीक. लढाईत जोड कधी लागते का? १३ जुलै १६६० ची पावनखिंड घे. मुडदे मोजून निकाल लावलास तर बाजीप्रभू हरले. पण त्यांना फक्त महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड धरायची होती, आणि ती धरली. तिथला खेळ बोर्डावर मांडायचा तर मावळे वाढवायचे नाहीत, जिंकायची अट घड्याळावर ठेवायची. मग दोन्ही बाजूंच्या माणसाला शेवटच्या फाशापर्यंत पोटात गोळा येतो. मी खेळ तोलतो तो यावरच. तिसऱ्या फेरीत एक जण मोबाइल बघायला लागला तर काहीतरी बिनसलंय, मग सोंगट्या कितीही सारख्या असोत.

विक्रीचं सांगतो. एकानं विचारणा केली होती, त्याला फक्त शिपाई आणि ट्रान्सपोर्ट हवे होते. क्रूझर फुकट देतो म्हटलं तरी नको म्हणाला. म्हणून सुट्टं विकायचं नाही, देशवार पुड्या करायच्या, प्रत्येकीत सगळं थोडं थोडं. अमेरिका हिरवी, ब्रिटन मातकट, रंगावरून घोटाळा होत नाही. पुडीवर आवृत्तीही लिहीन, कारण वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या सोंगट्या रंगानं आणि घडणीनं जुळत नाहीत आणि घेणारा नंतर नाराज होतो.

भाव तुझ्या संचाला जास्त येईल, तो कोरा आहे. माझं मन असं आहे की तुझा विकावा, पैसे तुला पाठवावेत, आणि माझ्या झिजलेल्या सोंगट्या तुझ्या बोर्डावर मांडाव्यात. गाळातून काढलेले ते शिपाई मला दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. पण पेटी तुझी आहे. नको म्हणालास तर तशीच परत माळ्यावर जाईल, मनात काही राहणार नाही.

दिवाळीला येतोस ना? या वेळी जपान मला हवा, पण बोली लावूनच. तुला अलाइज किती जादा घेऊन परवडतात, ते उत्तरातच लिही. मी ९ पासून सुरू करतो.

तुझा,
रशियावाला