औंधच्या पंचांना विसरू नका

संपादक महाशय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत संस्थानांच्या विलीनीकरणावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, पण एक विधान दोन दिवस डोक्यातून जाईना. १९५२ पर्यंत संस्थानी प्रजेला निवडणूक कशाशी खातात हे माहीत नव्हतं, असा त्याचा सूर आहे. बाकीच्या संस्थानांचं त्यांनी खुशाल म्हणावं. औंधचं म्हणू नये. माझे वडील औंध संस्थानातल्या एका खेड्यात गावाने निवडून दिलेले पंच होते, आणि १९५२ तेव्हा दहा-बारा वर्षं लांब होतं.

मी आटपाडीकडचा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ८१. संस्थान मी पाहिलं ते पाळण्यातून, म्हणून पुढचं बरंचसं घरात ऐकलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

औंध म्हणजे ७२ गावं, लोकसंख्या पाऊण लाखाच्या घरात. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कार घालायला लावणारे राजे म्हणून लोकांना आठवतात. पण १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देत असल्याचं जाहीर केलं. त्यांचे बॅरिस्टर चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर यांनी सेवाग्रामला गांधीजींपाशी बसून घटनेचा आराखडा केला, आणि २१ जानेवारी १९३९ ला ती लागू झाली. गावाने पाच पंच निवडायचे, सरपंचांची मिळून तालुका समिती, आणि तिथून निवडलेली माणसं राज्याच्या विधिमंडळात. तालुके चार: औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ. शेजारच्या खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखालच्या मुलखात त्या वेळी शेतसारा, मालमत्ता नाहीतर शिक्षण असल्याशिवाय प्रांतिक कायदेमंडळासाठी मत मिळत नव्हतं.

वडील एक गोष्ट हमखास सांगायचे. दोन भावांत बांधावरून जुंपली. पाचही पंच शेतात गेले. मोजायला बैलाचा कासरा घेतला, तो नेमका मोटेवरून आणलेला, ओलाकच्च. ओला कासरा आखडतो, त्यात एकाची हातभर जमीन जायची, असं एका म्हाताऱ्या पंचाने बजावलं. मग कासरा बाभळीवर वाळत टाकला आणि पंच, वादी, प्रतिवादी, बघे असे सगळे त्याच बाभळीखाली गूळ-पाणी घेत बसले. कासरा वाळेपर्यंत निम्मं भांडण मिटलं होतं. उरलेलं मोजून मिटवलं. सांजेला दोघा भावांचे अंगठे घेतले. वकील नाही, स्टॅम्प नाही.

हे सगळं गोडगोड होतं असं मात्र कोणी समजू नये. आमच्या गावचे पाचही पंच जमीनदार घरातले होते. महारवाड्यातल्या माणसाचा तंटा असला तर तो पाराखाली उभा राहून बोलायचा, पंच पारावर बसून ऐकायचे. वडील हे सांगताना खाली बघायचे. माझी आजी तर उभ्या जन्मात त्या पाराकडे फिरकली नाही. शिवाय हे स्वराज्य राजाने आपण होऊन दिलेलं. सांगली, जत, मिरज, जिथे तिथे ज्याचा त्याचा राजा, त्याची त्याची मर्जी. मर्जीवर राज्यघटना उभी करता येत नाही, हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे. पलीकडे निजामाच्या मुलखात तर १९४८ च्या सप्टेंबरात फौजा घालाव्या लागल्या.

मग ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात गेलं. गांधीजींच्या खुनानंतर आमच्या भागात घरं जळत होती, आणि एवढ्याएवढ्या संस्थानांना ते आवरणं शक्यही नव्हतं. विलीनीकरण व्हायचंच होतं आणि व्हायलाच हवं होतं. पण ७२ गावांचा एक कारभार होता, त्याच्या चिंध्या झाल्या. औंध उत्तर साताऱ्यात राहिलं. आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात, म्हणजे पुढच्या सांगली जिल्ह्यात गेले. गुणदाळ विजापुराकडे, आणि १९५६ नंतर ते मुंबई राज्यातही उरलं नाही. एका विधिमंडळात बसलेली माणसं आज दोन राज्यांत आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना एकमेकांची भाषा येत नाही.

आमच्या पंचांचं काय झालं? काही नाही. वडील म्हणायचे, 'आम्हाला कुणी काढलं न्हाई, फक्त इचारायचं बंद झालं.' कागद मामलेदार कचेरीत जायला लागले. १९५५ च्या सुमारास आमच्याच भावकीत दीड हात बांधावरून वाद झाला, तो कोर्टात गेला आणि नऊ वर्षं चालला. तारखांना जायला-यायला, वकिलाला, नकलांना पैसे लागले आणि त्यापायी एक खिलार बैल विकावा लागला. बांध शेवटी होता तिथेच राहिला.

पण त्याच काळातली दुसरी गोष्ट न सांगणं अप्रामाणिकपणा ठरेल. १९५२ ची निवडणूक मला अंधुक आठवते, सात वर्षांचा होतो. मुंबईच्या विधानसभेच्या ३१५ जागा होत्या. खाली कर्नाटकातल्या धारवाडपासून वर गुजरातपर्यंतचं ते राज्य. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारच्या गावाला चालत गेली. एक कागद दिल्लीचा, एक मुंबईचा, असे दोन कागद हातात पडल्यावर तिने विचारलं म्हणे, 'एक माझा, दुसरा कुणाचा?' परत आल्यावर बैलजोडीच्या पेटीत टाकलं म्हणून सबंध आळीला सांगून टाकलं. गुप्त मतदान वगैरे तिच्या गावीही नव्हतं. शाई लागलेलं बोट तिने चार दिवस पिठाला लावलं नाही. महारवाड्यातली माणसंही त्याच रांगेत होती. पारावर जिला जागा नव्हती तिचं मत आणि वडिलांचं मत सारखंच मोजलं गेलं. हे औंधच्या घटनेने आमच्या घरात केलं नव्हतं. बाळासाहेब महाराज आदल्या वर्षीच, १९५१ च्या एप्रिलात गेले. त्यांनी ती रांग पाहायला हवी होती.

माझं भांडण आहे ते एवढंच. मुंबईला आमदार जायला लागला ही भर पडली. पण गावात बसणारा, कासरा वाळेपर्यंत थांबणारा जो होता, तो त्या बदल्यात का जावा? जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यायला १ मे १९६२ उजाडलं. आणि त्यांचंही आपण काय केलं ते बघा. २०२२ च्या मार्चमध्ये आमच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. कोर्टात आरक्षणाचा वाद होता, ठाऊक आहे. पण एवढा काळ विधानसभा निवडणुकीवाचून ठेवली असती तर महाराष्ट्र पेटला असता. जिल्हा परिषदेसाठी आमच्या बस स्टँडवर चहाच्या टपरीवरसुद्धा कोणी आवाज चढवला नाही. वडिलांचं ते 'इचारायचं बंद झालं' मला या वर्षांत फार वेळा आठवलं.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चौकटीत औंधच्या विलीनीकरणाची तारीख १५ ऑगस्ट १९४७ अशी छापली आहे. ती ८ मार्च १९४८ अशी हवी. मधल्या सात महिन्यांत देश स्वतंत्र होता आणि आमच्या गावचे पंचही जागेवर होते. तेवढे महिने तरी त्यांच्या खात्यावर राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. आटपाडी, जि. सांगली