ग्रिप शिवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

आमच्या जिम्नॅस्टिक्स हॉलमधली पोरं मेडल घेऊन आली की पेपरात सरांचं नाव येतं, आईबापाचं येतं. गुलमंडीच्या बोळात बसून त्यांच्या ग्रिपचं, म्हणजे तळहातावर बांधायच्या पट्ट्याचं, चामडं शिवणाऱ्या तुमचं कुठंच येत नाही. म्हणून हे आभार चारचौघांत.

पुरुषांच्या सहा साधनांपैकी ग्रिप लागते दोनालाच, रिंग्ज आणि हाय बारला. 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आशिष कुमारनं फ्लोअरवर कांस्य आणि व्हॉल्टवर रौप्य घेतलं, त्या दोन्हींत ग्रिपचं काम नाही. पण ऑल-अराउंड, म्हणजे सहाही साधनांवर खेळणाऱ्याची बारपासून सुटका नाही. 28 मिलिमीटर जाडीचा तो पोलादी दांडा. जायंट, म्हणजे हात ताठ ठेवून बारभोवती पूर्ण फेरी, मारताना शरीर खालून जातं तेव्हा वजनाच्या तिपटीहून जास्त ओढ हातांवर येते.

बारच्या ग्रिपला बोटांची तीन छिद्रं आणि चामड्यात बसवलेली आडवी दांडी बारीक, रिंगच्या ग्रिपला दोन छिद्रं आणि दांडी जाड, हे तुम्हाला आता सांगावं लागत नाही. बक्कल सैल झालं, मनगटाच्या पट्ट्याची शिवण उसवली, तर मेणाचा दोरा घालून तुम्ही दुहेरी टाका मारता आणि तो टिकतो. तरी आमचे खरे आभार तुमच्या नकाराबद्दल आहेत.

दांडीच्या कडेला चीर गेलेली ग्रिप तुम्ही हातात घेता, उलटी वाकवून उजेडात बघता आणि परत देता. ठिगळ लावून मागणारे खूप येतात, नव्या जोडीला पैसे लागतात ना! पण ठिगळानं चामडं जाड होतं, पकड बदलते, आणि चीर ठिगळाशेजारून पुन्हा धावते. ताणून लांब झालेल्या ग्रिपला तर तुम्ही आरीही लावत नाही. तेच बरोबर आहे. लांबलेलं चामडं बारला वेढा घालतं, स्वतःवरच चढतं आणि अडकतं. हात जागीच थांबतो, शरीर मात्र फिरतच राहतं. याला ग्रिप लॉक म्हणतात, त्यात कोपराखालची दोन्ही हाडं मोडू शकतात. विशीतल्या पोराचं करिअर तिथंच संपायची भीती. पुरुषांत सीनियर गटच 18 पासून, रिंग्जवरचं बळ भरतं ते त्याहूनही पुढे. म्हणजे दहा-बारा वर्षं केलेली मेहनत फळाला यायच्या वेळी हात जायचा.

छिद्र बोटाच्या मधल्या सांध्याच्या वर बसतंय का, हे पोराचा हात धरून बघायची तुमची सवय तर आम्हीच उचलली. वाढत्या वयात हात दरवर्षी बदलतो, मोठ्या भावाची ग्रिप धाकट्याला चालत नाही. आपल्याकडच्या मे महिन्याचंही तुम्ही बजावता: पत्र्याखाली, खिडकीत ग्रिप ठेवली की चामडं कडक होऊन तडकतं. धुवायची तर नाहीच. हाताला लावायच्या मॅग्नेशियम पावडरचा थर ब्रशनं झाडायचा, सपाट ठेवायची.

एक तक्रार मात्र आहे. पोरांकडून तुम्ही पैसे निम्मेच घेता. यापुढे पूर्ण घ्या, ते हॉलच्या खर्चात धरलेत. सोमवारी चार जोड पाठवतोय. बारच्या जोडांना निळा दोरा बांधलाय, रिंगच्या जोडांना लाल. शिवून झाल्यावर दोरे तसेच राहू द्या, पोरं घाईत अदलाबदल करतात.

आपले,
हॉलमधले प्रशिक्षक आणि सगळी पोरं
छत्रपती संभाजीनगर