पंचनामा सातबाऱ्यापाशीच थांबतो

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

वर्धा-वैनगंगेच्या काठच्या कितीतरी गावांत पाणी आधी शिरतं ते नाल्याच्या उताराला वसलेल्या दलित वस्तीत आणि आदिवासी टोल्यात. पंचनामा मात्र सातबाऱ्यापासून सुरू होतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आहेत, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि नुकसान किमान ३३ टक्के असेल तरच. आता ठेक्यानं पाच एकर सोयाबीन केलेला माणूस घ्या. ठेका पेरणीआधीच रोख मोजलेला, बियाणं-खत त्याचं, निंदण घरच्या बायांनी केलेलं. पीक पुरात गेलं की सतरा हजार रुपये जमा होतात मालकाच्या खात्यात. कागद का केला नाही, असं त्याला विचारू नका. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या धास्तीनं मालकच कागद करू देत नाही. आणि सवंगणीची (कापणीची) मजुरी बुडालेल्या भूमिहीन बाईसाठी पीक-पंचनाम्यात रकानाच नाही.

घरांचं याहून वाईट. मातीची भिंत पुरात पडतेच असं नाही. ती पायाशी भिजते. पाणी ओसरून ऊन पडलं की वरची माती आकसते, खालची वीतभर ओलीच राहते, मग भिंत फुगून कलते आणि आठवड्याभरानं बसते. पंचनामा तोवर उरकलेला असतो: ‘अंशतः पडझड’, ४,००० रुपये. तीच भिंत वेळेत पडून घर पूर्ण पडलेलं धरलं असतं तर १,२०,००० रुपयांचा निकष लागला असता. गैरानावरचं, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीवरचं घर असेल तर तेही नाही, कारण बांधकाम अधिकृत हवं.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ६१ मदतीत जातीवरून भेदभाव करायला मनाई करतं. पंचनाम्यात कोणी जात विचारत नाही, हे खरं. पण जमीन कोणाकडे आणि नाल्याकाठची जागा कोणाच्या वाट्याला, हे इथं जातीनंच ठरलेलं आहे. म्हणून सर्वांना सारखा लावलेला निकषही त्याच घरांना वगळतो.

पीक-पंचनाम्यात ‘प्रत्यक्ष कसणारा’ हा रकाना घाला. शेजारच्या दोन शेतकऱ्यांची सही आणि पोलीस पाटलाची खातरजमा एवढा पुरावा पुरे. गैरानावरच्या घराला वीजबिल किंवा घरपट्टीची पावती धरा. मातीच्या घरांचा दुसरा पंचनामा पाणी ओसरल्यावर पंधराव्या दिवशी करा, आणि त्याची तारीख पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहायला सांगा.

आपले,
पूरग्रस्त गावांत पंचनाम्यांचा पाठपुरावा करणारे कार्यकर्ते, विदर्भ