मेंदूच्या इंजेक्शनआधी बी-१२ची तपासणी द्या

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

खानापूर तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. हल्ली काउंटरवर नवीनच विचारणा होते : "आईला काही आठवत नाही हो. ते शुगरचं इंजेक्शन मेंदूवर पण चालतंय म्हणे, आहे काय?" कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ धाडलेला असतो.

आशा अगदीच हवेतली नाही. मधुमेह्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा जास्त, हे ठाऊकच आहे. लिक्सिसेनाटाईड हे मधुमेहाचं इंजेक्शन फ्रान्समध्ये पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) १५६ रुग्णांवर तपासलं गेलं. २०२४ साली निकाल आला : वर्षभरात औषधवाल्यांच्या हालचाली जवळपास होत्या तशाच राहिल्या, बाकीच्यांच्या थोड्या बिघडल्या. मळमळीनं मात्र औषधवाल्यांतले जवळपास निम्मे बेजार. पुढच्या वर्षी त्याच जातीच्या एक्सेनाटाईडची ९६ आठवड्यांची चाचणी फसली. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच जातीच्या सेमाग्लुटाईडचंही तेच झालं. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराच्या ३,८०० वर रुग्णांवर त्याच्या गोळ्यांची चाचणी झाली. तपासण्यांतल्या काही खुणा सुधारल्या, आजार पुढं सरकायचा थांबला नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला परत पाठवतो. धंदा बुडतो, बुडू दे.

पण साहेब, ज्या गोळीची चर्चा कुणीच करत नाही ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते : मधुमेहाची मेटफॉर्मिन. चांगली गोळी आहे, बंद करा असं मुळीच म्हणत नाही. मात्र वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या अंगातलं बी-१२ जीवनसत्त्व उतरतं. मग तळपायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. घरचे म्हणतात, वय झालं. वेळेत सापडलं तर बी-१२च्या साध्या इंजेक्शननं बराच फरक पडतो. माझ्याकडं दहा-दहा वर्षं ही पट्टी नेणारी माणसं आहेत. बहुतेकांची ही तपासणी एकदाही झालेली नाही. खासगी लॅबचा खर्च भातशेतीवाल्या म्हातारीला कुठून झेपणार?

दुसरी गोष्ट स्मरणाच्या चाचणीची. एका आजीला कन्नडमध्ये तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. आजी हसून मान डोलवत राहिल्या. कागदावर शून्य गुण. त्याच आजी दुकानात मागच्या महिन्याची उधारी पैशासकट सांगतात! कन्नडशी आमचं भांडण नाही, पण जांबोटी-कणकुंबीकडच्या म्हाताऱ्यांना तपासायचं तर प्रश्न मराठीतच हवेत.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेला सोबत घेऊन आपण राज्यात मेंदू आरोग्याचा उपक्रम चालवता. त्यात दोनच गोष्टी घाला : दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची बी-१२ तपासणी तालुका रुग्णालयात मोफत, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी स्मरणचाचणीचा मराठी नमुना. निम्हान्सच्या तज्ज्ञांकडून तो तपासून घ्या; नुसतं भाषांतर करून पाठवू नका.

आपला,
सीमाभागातील एक औषधविक्रेता