रोहनला पत्र : आपली जुनी डिझायर आणि तुझी नवी

कराड

चि. रोहन यास,
अनेक आशीर्वाद.

तू नवी डिझायर घ्यायची म्हणतोस, त्यासाठी आपल्या जुनीशी तुलना करून पाठवलेला तक्ता बाबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सनरूफ : जुनीत नाही, नवीत आहे. ३६० अंशांचा कॅमेरा : नाही, आहे. वायरलेस चार्जर : नाही, आहे. ऐकून वाटलं, आपल्या गाडीचं प्रगतिपुस्तक आलंय आणि सगळ्या विषयांना लाल रेघ आहे. ती गाडी इतकी वर्षं मी चालवते, म्हणून उत्तरही मीच लिहितेय. आधी जुनीची बाजू ऐक, मग तुझ्या नवीकडे येते.

२०१२ ला आपण डिझेल का घेतली ते तुला आठवणार नाही, तू तेव्हा होस्टेलवर होतास. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं. ज्याला त्याला डिझेलच हवी होती. आपणही नंबर लावून सगळ्यात खालचं मॉडेल घेतलं. तिचं ते १.३ लिटरचं इंजिन मुळात फियाटचं, मारुतीने परवाना घेऊन इथे बनवलं. टाटाच्या गाड्यांतही तेच होतं, म्हणून लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. ताकद ७५ पीएस. तुझ्या नवीची ८२. तुझ्या तक्त्यात इथेही नवीच जिंकली आहे, पण त्याच्या खालची ओळ तू गाळलीस. जुनीचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, १९० न्यूटन मीटर, तोही २००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असताना. नवीचा ११२, आणि त्यासाठी इंजिन ४३०० पर्यंत ताणावं लागतं.

म्हणजे काय होतं, ते कुंभार्ली घाटात कळतं. चिपळूणहून माझ्या माहेरचे तांदूळ, आंब्याच्या पेट्या आणि मागे तीन माणसं घेऊन वर येताना वळणावर पुढचा ट्रक रांगायला लागतो. जुनी गाडी दोन हजाराच्या खाली अगदीच मरगळलेली असते, हे मान्य. त्यामुळे वळण यायच्या आत दुसरा टाकायचा, सुई दोनच्या खाली येऊ द्यायची नाही. एकदा का टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, उठला की मागून कोणी ढकलल्यासारखी गाडी चढते आणि गियरला पुन्हा हात लावावा लागत नाही. हे तंत्र हाताला बसायला वेळ लागतो. तुझ्या बाबांना ते अजून बसलेलं नाही, म्हणून घाटात मीच चालवते.

आता नवी. आम्ही दोघं इथल्या शोरूममध्ये जाऊन टेस्ट ड्राइव्ह घेऊन आलो. हायवेला उंब्रजच्या दिशेने जाऊन तासवड्याच्या टोलनाक्याअलीकडून वळलो. शोरूमचा मुलगा सारखा पडद्यावरचं काहीतरी दाखवत होता, त्याला म्हटलं, बाळा, जरा गप्प बस, मला गाडी ऐकू दे. इंजिन आता चारऐवजी तीन सिलिंडरचं आहे. सिग्नलला उभं राहिलं की सीटखाली बारीक थरथर जाणवते. गाडी चालू लागली की ती जाते. क्लच लोण्यासारखा मऊ. हलकीही आहे, हजार किलोच्या आत. आपली हजाराच्या वर. म्हणून कमी टॉर्क असूनही शहरात ती चपळ वाटते. भरलेल्या गाडीने घाट चढताना मात्र गियर खाली टाकत राहावं लागणार आणि इंजिन ओरडणार. ओरडू दे, त्याला काही होत नाही. कंपनीचा आकडा लिटरला २४.७९ किलोमीटर आहे. आपल्या डिझेलचा २३.४ होता. पेट्रोल गाडी डिझेलच्या पुढे जाईल असं २०१२ मध्ये कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

डिझेलच घ्यावी का, असं तू मध्ये विचारलं होतंस. मिळतच नाही. एप्रिल २०२० ला धुराचे कडक नियम, बीएस-६, लागू झाले आणि मारुतीने डिझेल बंद केलं. आणि आता दोन्ही इंधनांच्या भावात पूर्वीएवढं अंतरही राहिलेलं नाही. सीएनजी घेतलीस तर टाकी डिकीत बसते, आणि तुमची बाबागाडी कुठे ठेवणार?

तक्त्यात तू ‘सुरक्षा’ ही ओळ सगळ्यात शेवटी, स्पीकरच्याही खाली टाकली आहेस. माझ्यासाठी ती पहिली. आपल्या गाडीत एकही एअरबॅग नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने तेव्हाची बिनएअरबॅगची स्विफ्ट आपटून पाहिली, तिला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. आपली डिझायर त्याच स्विफ्टला डिकी जोडून केलेली. नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या नवीला त्याच संस्थेने मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे दिले. गाडी हलकी झाली म्हणजे पत्रा पातळ झाला, असं बाबा अजून म्हणतात आणि दार वाजवून बघतात. दाराच्या आवाजावरून काही कळत नाही. जोर सांगाड्यात असतो, आणि तिथे आता जास्त ताकदीचं पोलाद वापरतात.

शिवाय नवीत मागच्या सीटला आयसोफिक्सचे हूक आहेत. चिऊची सीट त्यात खट्‌ आवाज करून बसते, पट्ट्याने आवळावी लागत नाही. मी शोरूममध्ये ती बसवून, दोन्ही हातांनी हिसडा देऊन पाहिली. हलली नाही. मृण्मयी चिऊला मांडीवर घेऊन पुढे बसते ते मला अजिबात आवडत नाही. तिला मी सांगितलं तर सासू बोलली असं होईल, म्हणून तू सांग. चढावर गाडी मागे जाऊ न देणारं हिल होल्डही आहे. खंबाटकी घाटात गर्दी तुंबली की हँडब्रेक ओढून-सोडून माझं मनगट दुखतं, तेही वाचेल.

आता पैशांचं. सहा एअरबॅग, गाडी घसरू लागली तर सावरणारं ईएसपी, आयसोफिक्स, हिल होल्ड हे सगळं अगदी खालच्या मॉडेलपासून आहे. सनरूफ आणि ३६० कॅमेरा फक्त वरच्या मॉडेलला. म्हणजे वरचे पैसे तू छतातल्या काचेचे देणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला, ते वाचलेले पैसे पुण्याच्या उन्हात छप्पर उघडायला घालू नकोस. मधलं व्हीएक्सआय घे. त्यात मागच्यांना एसीचे झरोके आहेत, तेवढे हवेत.

जागेचं थोडक्यात सांगते. लांबी दोन्हींची ३९९५ मिलिमीटर, कारण चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी. पहिली डिझायर ४१६० ची होती, तिच्यात ४४० लिटरची डिकी होती. आपल्या वेळी शेपूट कापलं आणि डिकी ३१६ वर आली. नवीत ती ३८२ आहे. मागे बाबांच्या गुडघ्यांना जागा ठीक आहे. गाडी जमिनीपासून १६३ मिलिमीटर, आपल्याहून थोडी खाली, तेव्हा पाच माणसं भरून गावच्या स्पीडब्रेकरवर सावकाश.

राहिली आपली जुनी. बाबांना ती ठेवायची आहे. पण २०२७ मध्ये तिला पंधरा वर्षं होतील. मग आरटीओत तपासणी, नव्याने नोंदणी, वर ग्रीन टॅक्स. दोन गाड्यांचा विमा भरायची आमची इच्छा नाही. आपला मेकॅनिक त्या इंजिनासाठी ती केव्हाची मागतोय, एक्स्चेंजपेक्षा तो बरे पैसे देईल.

एक गोष्ट तुझ्या डीलरने सांगितली नसेल. इतकी वर्षं क्लेम न केल्याने आपल्याला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यात सूट, मिळतो, आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी माझ्या नावावर आहे. नवी तुझ्या नावावर घेतलीस तर तुला तो मिळणार नाही. माझ्या नावावर घेतलीस तर मिळेल, थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, भाग सोडून उरलेल्या हप्त्यावर. मग पुण्यात तुला कराडची एमएच-५० ची पाटी लावून फिरावं लागेल, त्यात काही कमीपणा नाही. पण कर्ज तू काढणार असशील तर बँक गाडी तुझ्याच नावावर मागेल. मृण्मयीशी बोल आणि रविवारपर्यंत कळव. जुनी विकली की विमा कंपनीकडून बोनसचं सर्टिफिकेट मी मागून घेते, ते तीन वर्षं चालतं.

चिऊला गोड पापा.

तुझी,
आई