रॅममधील दोषासाठी ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्याचे कारण देऊन वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

लोकमान्य नगर, इंदूर
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

विषय: नवीन घरगुती संगणकातील सदोष रॅम वॉरंटीत बदलून देण्यास इंदूरच्या सर्व्हिस सेंटरने दिलेला नकार.

महोदय,

आपल्या कंपनीचा घरगुती वापराचा संगणक मी ८ नोव्हेंबर २०२५ रोजी इंदूरमधील जेल रोडवरील एका अधिकृत विक्रेत्याकडून ५८,४०० रुपयांना विकत घेतला. त्याची वॉरंटी एक वर्षाची आहे. तिसऱ्याच महिन्यात रॅममध्ये (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत) दोष निघाला, तो आपल्याच तंत्रज्ञाने आपल्याच चाचणीने सिद्ध केला, आणि तरीही संगणकावर मूळची विंडोज राहिलेली नाही एवढ्या कारणावरून दुरुस्ती नाकारण्यात आली. इथल्या सर्व्हिस सेंटरशी हिंदीत बरेच बोलून झाले; आपला विभाग पुण्यात असल्याने हे पत्र मराठीत लिहीत आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम मी का बदलली हे खरे तर सांगण्याची गरज पडू नये. पण सर्व्हिस सेंटरमध्ये मला जणू काही गैरकृत्य केल्यासारखे प्रश्न विचारले गेले, म्हणून सांगते. माझ्या जुन्या संगणकावर विंडोज १० होती. तिचा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता आणि त्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्याने विंडोज ११ त्यावर रीतसर चढणार नव्हती. म्हणून गेल्या उन्हाळ्यातच भाच्याने त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिली आणि महिन्याभरात मला तिची सवय झाली. दिवाळीत त्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. नवा घेतल्यावर त्यावरही मी मिंटच घातली. तिची २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर आधारलेली असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. खरेदीच्या वेळी मी विक्रेत्याला याविषयी विचारले होते. “सॉफ्टवेअर तुमचे, मशिनची जबाबदारी कंपनीची,” हे त्याचे उत्तर होते. नको असलेल्या विंडोजचे पैसे मी मागितले नाहीत आणि आजही मागत नाही.

मिंट घालण्यापूर्वी आपल्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी मूळ विंडोजचा रिकव्हरी पेनड्राईव्ह तयार करून ठेवला. इन्स्टॉल करताना संगणकातील एसएसडी, म्हणजे माहिती साठवण्याची डिस्क, आधी दिसेना. डिस्क हाताळणाऱ्या इंटेलच्या व्हीएमडी या सेटिंगमुळे असे होते. बायॉसमध्ये (संगणक चालू होताच सर्वांत आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ते बंद करताच डिस्क दिसू लागली. हा पर्याय आपल्याच बायॉसच्या मेनूत, कोणत्याही पासवर्डाशिवाय, ग्राहकासमोर ठेवलेला आहे. कॅबिनेट मी उघडले नाही. त्यावरचे सील १९ जानेवारीपर्यंत शाबूत होते आणि ते आपल्या तंत्रज्ञानेच काढले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बिघाड दिसू लागला. आजेसासऱ्यांनी जपलेले होळकरांच्या काळातील मोडी कागद मी स्कॅन करून ठेवते. त्यातले एक पान जतन करून पुन्हा उघडले, तर वरच्या अर्ध्या भागात मोडीच्या ओळी स्वच्छ आणि खालच्या अर्ध्यात नुसते राखाडी पट्टे. आधी मी स्कॅनरलाच दोष दिला. मग संगणक मधूनच गोठू लागला, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. त्यानंतर पुस्तिकेत दिलेली हार्डवेअर चाचणी मी सुरू केली. ही चाचणी संगणक चालू करताना बायॉसमधून लागते, तोपर्यंत डिस्कवरची कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम सुरूच झालेली नसते. चाचणीत मेमरी, म्हणजे रॅम, नापास झाली आणि पडद्यावर त्रुटीचा क्रमांक आला. त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

१९ जानेवारी रोजी मी संगणक सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. तेथील तरुण तंत्रज्ञाने माझ्यासमोर काउंटरवरच कॅबिनेट उघडले, रॅमच्या ८ जीबीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने घासून पुसले आणि चाचणी पुन्हा लावली. नापास. मग त्याने एकेक पट्टी दोन्ही खाचांत आळीपाळीने बसवून पाहिली. एक पट्टी कुठेही बसवली तरी पास होत होती, दुसरी कुठेही बसवली तरी नापास. म्हणजे मदरबोर्डचाही प्रश्न नव्हता. “मॅडम, रॅम ही गई है,” असे म्हणून त्याने जॉब शीटवर तशी नोंद केली आणि बदली पट्टीसाठी मागणी टाकायला घेतली. अशा पद्धतशीर कामाबद्दल त्या मुलाविषयी माझी तक्रार नाही, उलट कौतुकच आहे.

तेवढ्यात वरिष्ठ बाहेर आले. पडद्यावर मिंटचे लॉगिन दिसत होते. त्यांनी चाचणीचा निकाल पाहिला नाही. त्याच जॉब शीटवर, रॅम सदोष असल्याच्या नोंदीच्या बरोबर खाली, “ऑपरेटिंग सिस्टिम बदललेली, बायॉसमध्ये फेरफार, वॉरंटी रद्द” असा शेरा मारला. मूळ विंडोज घालून आणली तर पाहू, असे तोंडी सांगितले.

मी घरी येऊन तेही केले. बायॉस मूळ सेटिंगवर आणले आणि रिकव्हरी पेनड्राईव्हवरून विंडोज ११ पुन्हा घातली. संगणक तसाच गोठत राहिला. २७ जानेवारी रोजी पुन्हा सर्व्हिस सेंटरमध्ये नेला, तेव्हा तीच चाचणी, तीच पट्टी आणि त्रुटीचा तोच क्रमांक. या वेळी मला सांगण्यात आले की पहिल्या जॉब शीटवर शेरा पडलेला असल्यामुळे आता काही करता येत नाही, नवी पट्टी हवी असल्यास ८,२०० रुपये भरावेत. तंत्रज्ञाने सदोष पट्टी काढून चंदेरी पिशवीत घालून माझ्या हाती दिली. रॅमचे भाव सध्या किती चढले आहेत याची मला कल्पना आहे. त्या भाववाढीचा भार वॉरंटीतल्या ग्राहकावर टाकण्याचा हा मार्ग नसावा, अशी आशा आहे.

आपल्या वॉरंटीच्या अटी मी दोनदा वाचल्या. सॉफ्टवेअर, साठवलेली माहिती आणि व्हायरसमुळे होणारे नुकसान यांची जबाबदारी कंपनी घेत नाही, असे त्यांत आहे आणि ते मला मान्य आहे. मिंट बिघडली तर मी आपल्याकडे येणार नाही. परंतु ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यास हार्डवेअरची वॉरंटी संपते, असे एकही वाक्य त्यांत नाही. रॅममध्ये ऑपरेटिंग सिस्टिम जे काही ठेवते ते वीज बंद होताच पुसले जाते. तिच्यामुळेच पट्टी बिघडली असे म्हणायचे असेल, तर ते कसे घडले हे कंपनीने लेखी सांगावे. विंडोज परत घातल्यावरही दोष तसाच राहिला, याचे उत्तरही त्यात असावे.

माझी मागणी एवढीच आहे की सदोष पट्टी त्याच क्षमतेच्या व त्याच वेगाच्या नव्या पट्टीने विनामूल्य बदलून मिळावी, जॉब शीटवरील वॉरंटी रद्द झाल्याचा शेरा लेखी मागे घ्यावा, आणि यापुढील नऊ महिन्यांत दुसरा काही हार्डवेअरचा दोष निघाल्यास हेच कारण पुन्हा पुढे केले जाणार नाही याची हमी मिळावी. शेऱ्याचा आग्रह मी मुद्दाम धरते आहे. पट्टी मिळाली आणि शेरा तसाच राहिला, तर उद्या पॉवर सप्लाय गेल्यावर मी पुन्हा त्याच काउंटरवर उभी असेन.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, आणि तरीही निकाल न लागल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्कही नाही, त्यामुळे मला त्यासाठी पुण्याला यावे लागणार नाही.

खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, दोन्ही जॉब शीटच्या प्रती आणि चाचणीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सदोष पट्टी चंदेरी पिशवीतच ठेवली आहे. संगणक सध्या एकाच पट्टीवर चालू असून त्यावर पुन्हा मिंट आहे. तंत्रज्ञ घरी पाठवणार असल्यास आदल्या दिवशी कळवावे आणि ही गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवावी.

आपली विश्वासू,
(सही)
ग्राहक, लोकमान्य नगर, इंदूर