विषय: गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी, आणि नव्या पंपाखाली तुम्ही तशीच ठेवलेली जुनी जाळी

मा. विभागीय सेवा व्यवस्थापक,

आज दुपारी सव्वातीनला तुमच्या कस्टमर केअरशी माझं शेवटचं बोलणं झालं. बावीस मिनिटं चाललं. फोन ठेवून पाच मिनिटं होत नाहीत तोवर मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून ती बंद करण्यात येत आहे.' माझं समाधान झालेलं नाही. झालं असं मी कुणाला सांगितलेलंही नाही. म्हणून हे पत्र.

गाडी २००९ ची, पेट्रोल, तुमच्याच कोल्हापुरातल्या शोरूममधून नवी घेतलेली. १ लाख १८ हजार किलोमीटर चालली आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर २०२४ मध्ये आरटीओत तपासणी करून घेतली आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीही झाली. हे आधीच लिहिते, कारण तुमच्याकडून मला प्रत्येक वेळी पहिलं वाक्य ऐकायला मिळालं ते 'मॅडम, गाडी जुनी झाली' हेच.

फेब्रुवारीत केर्लीच्या अलीकडे गाडी पहिल्यांदा बंद पडली. चौथा गिअर, साठचा वेग, क्लचवर पाय नाही, आणि इंजिन एकदम गेलं. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता आणि मागच्या सीटवर माझी आई. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जातं, आणि ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. गाडी कशीबशी कडेला घेतली. सेल मारला तर इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेट घेईना. वीस-पंचवीस मिनिटांनी बोनेट निवलं आणि एका सेलमध्ये चालू झाली.

इंजिन गेलं त्या क्षणी मी एक गोष्ट पाहिली आणि तुमच्या वर्कशॉपला पहिल्याच दिवशी सांगितली. गाडी गिअरमध्ये होती, चाकं इंजिनाला फिरवत होती, तरी आरपीएमचा काटा झटक्यात शून्यावर पडला. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य दाखवतोय, याचा अर्थ इंजिन फिरत असल्याची खबर पुढे पोचतच नाहीये. सर्व्हिस अॅडव्हायझरने मान डोलावली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'गाडी बंद पडते.' काट्याबद्दल एक शब्द नाही. जॉब कार्डची प्रत माझ्याकडे आहे.

दुसरी तक्रार वेगळी होती, आणि ती वेगळी आहे हेही मी सांगितलं होतं. वाघबीळ ओलांडून पन्हाळ्याच्या चढाला लागलं की गाडीला पिकअपच नाही. दुसऱ्या गिअरवर, अॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ती झटके मारायची आणि दम सोडायची. सपाटीला ठीक, चढाला नाही.

यावर तुम्ही काय केलं? पहिल्या खेपेला प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, ४,६५० रुपये. गाडी तशीच. दुसऱ्या खेपेला 'फ्युएल पंप असेंब्ली', म्हणजे मोटर, जाळी, हाउसिंग असा पेट्रोल पंपाचा सगळा संच बदलला, १३,८०० रुपये. चढाला थोडा फरक पडला, बंद पडणं तसंच. तिसऱ्या खेपेला इग्निशन कॉइल आणि 'जनरल चेकअप', ५,९२० रुपये. तिथून निघाले आणि दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर गाडी पुन्हा बंद. एकूण २४,३७० रुपये. तिन्ही खेपांना गाडी गरम करून रस्त्यावर कुणीही नेली नाही. कशाचंही माप घेतल्याची एक ओळ कुठल्याच जॉब कार्डवर नाही.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात एकवीस वर्षं काम करते. आमच्या कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आत हवेची पोकळी निघाली अशी तक्रार आली की आम्ही आधी तो पीस कापून बघतो, वाळूतली ओल बघतो, ओततानाचं तापमान बघतो, आणि मगच तोंड उघडतो. न मोजता आधी पॅटर्न बदला, मग वाळू बदला, मग भट्टी बदला, असं केलं तर दुसऱ्या दिवशी ऑर्डर जाईल. तुम्ही माझ्या पैशाने नेमकं तेच केलंत.

मध्येच एकदा 'पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, आम्ही काय करणार' असंही सांगून झालं. इथेनॉल म्हणजे काय हे साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी पाइपांना आणि सीलना त्याचा त्रास होऊ शकतो, हे मलाही माहीत आहे. पण मग पाइप बघा, सील बघा, आणि तसं लेखी द्या. ते तुम्ही केलं नाहीत. बोललात आणि विषय सोडलात.

शेवटी मी गाडी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "ताई, थंड हाय तवर काय कळणार न्हाई. गरम हू दे." त्यांनी इंधनाच्या लाइनला प्रेशर गेज लावलं, ते काचेवर टेपने चिकटवलं आणि मला गाडी चालवायला लावून पन्हाळ्याच्या चढाला घेऊन गेले. सपाटीला ३ बार. चढाला अॅक्सिलरेटर दाबला की काटा २ च्या खाली. परत आल्यावर टाकीतून पंप बाहेर काढला. पंपाची मोटर नवी, चकचकीत. तिच्याखालची पेट्रोल गाळणारी जाळी काळी, चिकट, बोटाने दाबली तर चामड्यासारखी. हाउसिंगही जुनंच. "पंप नवा हाय, पर जाळी जुनीच हाय की वं ताई," एवढंच ते म्हणाले. बिलावर 'असेंब्ली' आहे. गाडीत असेंब्ली नाही. जुना पंप परत द्या असं मी तेव्हा दोनदा मागितलं होतं, 'तो स्क्रॅपला गेला' असं उत्तर मिळालं होतं. ते उत्तर का मिळालं, हे आता कळतंय.

बंद पडण्याचं कारण तर दहा मिनिटांत निघालं. गाडी गरम होऊन बंद पडली, सेल मारताना काटा हलत नव्हता, प्लगला स्पार्क नव्हता. इंजिन फिरतंय ही खबर देणारा क्रँक सेन्सर फ्लायव्हीलजवळ असतो, त्यावर मिस्त्रींनी गार पाण्याचं फडकं धरलं. तीन-चार मिनिटांत गाडी चालू. तापला की सेन्सरच्या आतलं कनेक्शन तुटायचं आणि निवला की जुळायचं. फेब्रुवारीपासून मी काटा, काटा म्हणत होते ते हेच. सेन्सर, जाळी आणि मजुरी मिळून २,३५० रुपये लागले. त्यानंतर दोनदा पन्हाळा आणि एकदा गगनबावडा झालं, गाडी एकदाही अडखळली नाही.

आता आजचा फोन. मी पैसे परत मागितले. तुमच्या बाईंनी फोन वर्कशॉपच्या अॅडव्हायझरला जोडून दिला. हे बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे आणि तुम्ही ते ऐकावं.

मी म्हटलं, पहिल्याच दिवशी मी आरपीएमच्या काट्याबद्दल सांगितलं होतं.

तो म्हणाला, "मॅडम, गाडी चालवताना तुम्ही काटा कशाला बघता? रस्ता बघायचा."

मी म्हटलं, क्रँक सेन्सर तपासला होता का?

"आमच्या स्कॅनरला कोडच आला नव्हता. कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही."

मी म्हटलं, स्कॅनर तुम्ही थंड गाडीला, शेडमध्ये लावला होता. बंद पडली तेव्हा तो जोडलेलाच नव्हता.

यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मला वाटलं आता मान्य करेल. तर म्हणाला, "मॅडम, घरात कुणी जाणकार असतील तर त्यांच्याकडे फोन द्या ना. सर आहेत का?"

मी सांगितलं, सर नाहीत. गाडी माझी आहे, पैसे माझे आहेत आणि बंद पडली तेव्हा स्टिअरिंगवर मी होते. तर म्हणाला, "तुम्ही बाहेर गाडी उघडलीत, तिथंच आमची जबाबदारी संपली. आणि सोळा वर्षांच्या गाडीला एवढा खर्च कशाला करता? एक्स्चेंजला द्या, चांगली ऑफर आहे."

साहेब, २४,३७० रुपये घेऊन बिघाड न शोधणारा माणूस मला खर्चाबद्दल सल्ला देतो. केर्लीला ट्रॅक्टर वेळेत थांबला नसता तर तुम्ही कुणाला ऑफर दिली असती? मी तीन वेळा तुमच्या काउंटरवर उभी राहून एकच गोष्ट सांगितली. तीनही वेळा ती लिहून घेतली गेली नाही.

२००९ मध्ये ही आमच्या घरातली पहिली चारचाकी होती. माझ्या शब्दावर भावाने तुमचीच गाडी घेतली, मेहुण्यांनी घेतली, कारखान्यातल्या दोघांनी घेतली. या वर्षी मुलीसाठी नवी घ्यायची आहे. ती तुमची नसेल, आणि का नसेल हे मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी बिलं दाखवून सांगणार आहे.

पंप असेंब्लीचे १३,८०० आणि गरज नसताना कॉइल बदललेल्या खेपेचे ५,९२० असे १९,७२० रुपये मला परत हवेत. बिलावर असेंब्ली लावून गाडीत नुसती मोटर कुणी बसवली याचा लेखी खुलासा हवा. आणि 'समाधानकारक निराकरण' म्हणून बंद केलेली तक्रार आजच पुन्हा उघडा. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा आयोगाकडे जाईन. त्या कायद्यात ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो आणि माझ्या रकमेला फी लागत नाही, हे मी माहिती काढून ठेवलं आहे.

तीन जॉब कार्डं, तीन बिलं, उद्यमनगरचं बिल आणि टाकी उघडतानाचे फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. जुनी जाळी आणि जुना सेन्सर मी प्लास्टिकच्या पिशवीत तारीख लिहून ठेवला आहे. आमच्याकडे रिजेक्शनचे पीस असेच ठेवतात. तुमचा इंजिनिअर रविवारी सकाळी घरी येऊन दोन्ही बघू शकतो, आणि आला तर गाडी गरम करून त्याला चढालाही नेईन. फोन मात्र करू नका. उत्तर लेखीच हवं, माझ्या नावाने.

आपली ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर